सियागंजातलं घाऊक दुकान, नानांच्या वह्या आणि लेकाचा हट्ट

धणेवाला_सियागंज

मंडळी, सल्ला हवाय. इंदूरच्या सियागंजात आमचं मसाल्याचं घाऊक दुकान आहे, आजोबांपासूनचं. धणे कुंभराजचे, जिरं ऊंझ्याचं, मिरची बेडियाची, हळद सांगलीची. गिऱ्हाईक म्हणजे इंदूर, महू, देवास ते पार खंडव्यापर्यंतचे किराणावाले. उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास.

सौदा चिठ्ठीवर, बिल बिलबुकात, उधारी लाल वहीत आणि महिनाअखेर पिशवीभर कागद कर-सल्लागाराकडे, असा कारभार आहे. गल्ल्यावर क्यूआर आहे, पैसे आले की ओरडणारा डबा आहे. माझ्या मते झालो आम्ही डिजिटल. लेक म्हणतो, बाबा, हे म्हणजे काहीच नाही. बिल, स्टॉक, उधारी सगळं एका सॉफ्टवेअरमधे आणायचं. नाना (माझे वडील, अजून रोज सकाळी दुकानात येतात) म्हणतात, वहीला लाईट लागत नाही.

आमच्या आकाराच्या धंद्याला याचा रोकडा फायदा काय, ते सांगा. ‘काळाची गरज’ वगैरे नको, ते लेक जेवताना ऐकवतोच.

कीर्दखतावणी_रामबाग

नमस्कार काका. मी तो पिशवीभर कागद उघडणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

क्यूआरने फक्त पैसे यायची वाट बदलली. तुमच्या दुकानात एकच विक्री किती जणांच्या हातून किती वेळा लिहिली जाते ते बघा. चिठ्ठीवर सौदा, मग बिलबुक, मग उधारीची वही, हमालाच्या हातातला पोत्यांचा कागद, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), लागत असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद), आणि शेवटी आमच्या ऑफिसातला मुलगा तेच सगळं जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नसाठी, परत टाइप करतो. दर वेळी आकडा इकडचा तिकडे व्हायला वाव. बिल मुळातच सॉफ्टवेअरमधे बनलं तर बाकीचे कागद त्यातूनच निघतात. एकदा लिहा, सात ठिकाणी वापरा. माझ्या लेखी फायदा हा एवढाच, पण तो मोठा आहे.

रोकडा हवा म्हणालात, तर खरेदीकडे बघा. समजा व्यापाऱ्यांकडून वर्षाला दोन कोटींचा माल घेता. ५ टक्क्यांनी त्यावरचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी, जो आपल्या करातून वजा होतो) झालं दहा लाख. समोरच्याने त्याचं रिटर्न भरलं नाही तर ते तुमच्या २बी मधे (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या उताऱ्यात) दिसत नाही आणि तुम्हाला घेता येत नाही. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. खरेदी संगणकावर असेल तर जुळवणीला अर्धा तास पुरतो आणि कोणाचं बिल आलं नाही ते त्याच दिवशी कळतं. त्याचे पुढचे पैसे सुटायच्या आत फोन करता येतो. वहीवाल्यांना हे मार्चमधे कळतं, तोवर समोरचा फोन उचलत नसतो.

ओल्डपलासिया_भिया

सगळं ठीक आहे भियाओ, पण दिवाळीला वहीपूजनाला काय मांडणार ते आधी नानांना विचारा.

कीर्दखतावणी_रामबाग

आमच्याकडे लॅपटॉपवर हळदकुंकू पडतं आणि मग जानेवारीपर्यंत एंटरचं बटण अडकतं. वहीच मांडा.

जुना_ग्वाल्हेरकर

मी उलट्या बाजूने बोलतो. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याच्या आसपासचे बरेच दुकानदार आता गिऱ्हाइकाला हळूच म्हणतात, ‘नगद दे दो भाईसाब’. का? जुलै २०२५ मधे बेंगळुरूत काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. यूपीआयचे आकडे बघून छोट्या बेकरीवाल्यांना, भाजी-दूधवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. लोकांनी क्यूआर काढून ‘ओन्ली कॅश’ची पाटी लावली. फायदा राहू दे, आधी हा लकडा कोण मागे लावून घेणार? जेवढं दिसेल तेवढं मागतील.

कीर्दखतावणी_रामबाग

दादा, ती भीती खोटी नाही. पण त्यातलं खरं-खोटं वेगळं करू.

जीएसटी नोंदणीसाठी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांची आणि सेवेला २० लाखांची मर्यादा आहे. ती एकूण उलाढालीची, यूपीआयची नव्हे. रोखीत घेतलेले ४० लाखही तेवढेच ४० लाख. बेंगळुरूत झालं असं की खात्यात आलेली प्रत्येक रक्कम विक्री धरली गेली, त्यात घरचे हातउसने पैसेही आले. ज्याच्याकडे बिलं होती तो उत्तर देऊ शकला. निव्वळ करमाफ माल विकणाऱ्या भाजी-दूधवाल्याला नोंदणीचीच गरज नव्हती, पण ते दाखवायला त्याच्याकडे कागद नव्हता. शेवटी सरकारने मागची वसुली सोडली, नोंदणी करा म्हणून सांगितलं. मला त्यातून दिसलं ते हे की निम्मं डिजिटल सर्वात वाईट: पैसे डिजिटल, विक्रीची नोंद हवेत.

आणि दिसण्याचा फायदाही आहे, तो कोणी सांगत नाही. अंदाजी नफ्यावर आयकर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा नफा रोखीच्या विक्रीवर ८ टक्के धरतात, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. वर्षाला ६० लाखांची विक्री असेल तर ४ लाख ८० हजारांऐवजी ३ लाख ६० हजार उत्पन्न धरलं जातं. शिवाय रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर या सोयीची मर्यादा दोन कोटींवरून तीन कोटींवर जाते. धणेवाले काका तीन कोटींच्या वर आहेत, त्यांना हे लागू नाही. पण त्यांनाही एक आहे: येणं आणि देणं दोन्हीत रोख पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आयकराचं ऑडिट एक कोटीऐवजी दहा कोटींनंतर लागतं. ऑडिटची फी काका जाणतातच.

जुना_ग्वाल्हेरकर

हे ऑडिटचं माहीत नव्हतं. तरी ‘ओन्ली कॅश’ची पाटी काढायला अजून मन होत नाही.

नारायणबागची_काकू

तुम्ही कोटींच्या गप्पा मारताय, मी घरच्या ओट्यावरची सांगते. दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यात कुरडया-पापड, एरवी पुरणपोळीच्या ऑर्डरी. पूर्वी फोन आला की हाताला लागेल त्या कागदावर लिहायचं, लग्नपत्रिकेच्या पाठीवर सुद्धा. आता भाचीने फॉर्म करून दिलाय. गिऱ्हाईक स्वतःच भरतं: चकली किती, अनारसे किती, कधी हवं, न्यायला येणार की पोचवायचं. खाली आपोआप बेरीज. चकली एकंदर १८ किलो दिसली की भाजणी किती दळायची, तेल किती डबे आणायचं ते पहिल्याच दिवशी कळतं. आधी भाजणी एक तर उरायची नाहीतर ऐन वसुबारसेला संपायची. माझा फायदा तिथे झाला. क्यूआरमुळे नाही.

क्यूआरबद्दल एकच सांगते. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला म्हणून डबा हातात देऊ नये. फोटो खोटे बनवतात. आपल्या बँकेचा मेसेज आला तरच डबा द्यायचा.

आणि हो, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट असते, आधारवर घरी बसून होते. आमच्या गल्लीत एकजण त्याचे पैसे घेत होता.

लेथ_सांवेररोड

धाग्यावर उशिरा आलो, शिफ्ट होती. माझं सांवेर रोडवर मशीनिंगचं वर्कशॉप आहे, पीठमपूरच्या वाहन कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्यांना आम्ही पार्ट पुरवतो. म्हणजे साखळीतली तिसरी कडी. आमच्याकडे डिजिटल व्हायचं की नाही हे आम्हाला कोणी विचारलंच नाही. वरच्याने सांगितलं, बिलावर आयआरएनचा (सरकारी पोर्टलवर बिल नोंदल्यावर मिळणाऱ्या नंबराचा) क्यूआर नसेल तर गाडी गेटातून आत येणार नाही. हे ई-इन्व्हॉइस २०२० मधे ५०० कोटींच्या उलाढालवाल्यांपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. आमची त्याच सुमारास पळापळ. तेव्हा शिव्या घातल्या, आता खरं सांगतो, फायदा दोन ठिकाणी झाला.

पहिला ड्रॉइंगचा. पार्टचं ड्रॉइंग बदलतं, रिव्हिजन सी ची डी होते. कागदी ड्रॉइंग मशीनशेजारी तेलाने माखून वर्षानुवर्षं लटकलेलं असतं, ऑपरेटर तेच बघतो. बोअरची टॉलरन्स (भोकाच्या मापातली चालणारी कमी-जास्त) बदललेली असते आणि अख्खी लॉट भंगारात जाते. या पट्ट्यात ज्याला हे झालं नाही असा वर्कशॉपवाला दाखवा. आता मशीनला एक स्वस्त टॅब अडकवलाय, त्यात एकच फोल्डर, त्यात फक्त चालू रिव्हिजन. जुनी तिथे ठेवायचीच नाही. एवढीशी गोष्ट आहे, कुठल्या सेमिनारमधे सांगत नाहीत, पण रिजेक्शन तिथे थांबलं.

दुसरा पैशाचा. आम्ही लघुउद्योग, उद्यम नोंदणी आहे. २०२३-२४ पासून आयकरात तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. पण दिवस मोजायचे कुठून? ‘माल मिळालाच नाही’, ‘बिल हरवलं’ हे आधी चालायचं. आता बिल सरकारी पोर्टलवर तारखेसकट नोंदलेलं, गाडी ई-वे बिलावर गेलेली. सबब सांगायला जागा राहत नाही. तरी काही जण सांगतातच म्हणा, पण मार्च आला की त्यांचाच अकाउंटंट आम्हाला फोन करतो.

यापलीकडे ट्रेड्स आहे, लहान उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ. बिल तिथे चढवायचं, घेणाऱ्या कंपनीने ‘कबूल’ म्हटलं की बँका त्यावर बोली लावतात, सगळ्यात कमी व्याज लावेल तिच्याकडून पैसे खात्यात. कंपनीने पुढे बुडवलं तरी बँक आमच्या मागे लागत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे. अडचण अशी की नोंदणी केली म्हणजे बिल कबूल करतीलच असं नाही, आणि तिसऱ्या कडीचा घेणारा बऱ्याचदा २५० कोटींचा नसतोच. मालवणी मसाल्यासारखं आहे, वासावरून सगळं छान. पण जिथे बसतं तिथेच कामाला येतं.

धणेवाला_सियागंज

लेथवाले भाऊ, ४५ दिवसांचं आम्हाला चालेल का? खंडव्याची एक पार्टी आहे...

कीर्दखतावणी_रामबाग

नाही काका. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांनाच ते आहे. व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. खंडव्याची पार्टी तुमची तुम्हीच सांभाळा.

स्टोअर्स_शिफ्ट_बी

मी पीठमपूरच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर्सला आहे. मोठ्या कंपनीत ईआरपी (सगळ्या खात्यांचं एकच सॉफ्टवेअर) वगैरे सगळं असतं म्हणून लोकांना वाटतं की तिथे सगळं आपोआप चालतं. अहो, पुरवठादार हाताने लिहिलेलं चलन घेऊन आला की आमचा माणूस तेच बसून टाइप करतो, आणि गाडी तोवर उन्हात उभी. बारकोडचं लेबल लावून येणारी गाडी लगेच मोकळी होते. आमची प्रगती लेथवाल्यांच्या प्रिंटरवर अवलंबून आहे.

लेथ_सांवेररोड

तो प्रिंटर कोणी घ्यायचा हेही तुमच्याच कंपनीने सांगितलं होतं. आम्हीच घेतला.

सहावार_राजवाडा

मी माहेश्वरी साड्या विकते, राजवाड्याजवळ लहानसं दुकान आहे, माल थेट महेश्वरच्या विणकरांकडून. ऑनलाइन म्हणजे सोनं असं जे बोलतात त्यांच्यासाठी दोन शब्द.

एका मोठ्या विक्री-साइटवर माल लावला होता. कमिशन, परतीचा खर्च, वरून ‘फोटोत जांभळा दिसला, आला वांगी रंगाचा’ म्हणून परत. हातमागाच्या साडीत दोन नगांत रंग थोडा वेगळा येणारच. पण मला सलत होतं ते वेगळंच: गिऱ्हाईक कोण ते कळतच नाही. नाव, नंबर सगळं त्यांच्याकडे. साडी माझी, ओळख त्यांची. बंद केलं.

आता करते ते असं. प्रत्येक साडीला नंबर, दोन फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी, एक काठाचा जवळून, उलट्या बाजूचाही. माहेश्वरीचा काठ दोन्हीकडून नेसता येतो, ते फोटोत दिसायला हवं. एका शीटमधे नंबर, विणकर, आलेली तारीख, किंमत, कोणाला गेली. पुण्या-नागपूरच्या बायका व्हिडिओ कॉलवर बघतात. गेल्या खेपेला काय घेतलं होतं ते माझ्यासमोर असतं, त्यामुळे ‘मागची राखाडी होती ना, ताई, हिला त्याचा काठ आहे’ असं म्हणता येतं. आणि कुठल्या विणकराची साडी पडून राहते, कुणाची आठवड्यात जाते ते शीटमधून कळतं, पुढची ऑर्डर तशी देते. दुकानात नोकर बदलला तरी हे सगळं माझ्याकडेच राहतं.

ओल्डपलासिया_भिया

ताई, वांगी रंगाचा फोटो टाका, बायकोला दाखवतो.

सहावार_राजवाडा

आधी वहिनींना विचारून या भाऊ, मग टाकते.

टर्मिनल_मंदार

मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, सुपर कॉरिडॉरवर. काकांच्या लेकाच्या वयाचाच असेन, तरी लेकाला आवर घाला म्हणतो. पहिल्याच दिवशी सगळं एकदम करू नका.

घेण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला एकच प्रश्न: उद्या तुमच्याकडून सोडून गेलो तर माझा माल, पार्ट्या, बाकी हे सगळं एक्सेलमधे काढून मिळेल का? चाचपडला तर घेऊ नका. बॅकअप एक ढगात, एक पेन ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह दुकानात ठेवायचा नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, बिल रद्द करायचा अधिकार फक्त घरच्यांकडे. लाईटचं म्हणाल तर नानांचं बरोबर आहे, छोटा यूपीएस घ्या, बिल छापेपर्यंत पुरतो. आणि ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, जितकं लवकर तितके पैसे अडकवता येतात.

छप्पनजवळचा_शेववाला

एक आमचाही अनुभव. २२ सप्टेंबर २०२५ ला पाकिटातल्या नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला. रात्री दुकान बंद करताना सॉफ्टवेअरमधे दर बदलला, सकाळचं पहिलं बिल नव्या दराने. शेजारी बिलबुकवाल्याकडे दोन दिवस गिऱ्हाइकाशी नुसती हुज्जत, जुना भाव की नवा. बाकी मी काही फार शिकलेला नाही, पण हे एक डोळ्यांनी पाहिलं.

धणेवाला_सियागंज

सगळ्यांचे आभार. रविवारी लेक आणि मी गोदामात बसलो, मालाची यादी करायला. वाटलं होतं तासाभराचं काम. लेकाने लिहिलं: ‘धणे’. नाना हसले. म्हणाले, कुठले धणे? बदामी, ईगल, स्कूटर, पॅरट, प्रत्येकाचा भाव निराळा. त्यात यंदाचा, मागल्या सालचा. मिरचीत देठाची आणि बिनदेठाची. संध्याकाळपर्यंत नुसती नावंच चालली होती, आणि सांगत नानाच होते. लेक मुकाट लिहीत होता, घरात हे दृश्य दुर्मिळ.

मग वजनं केली. वहीत मिरचीची पोती बरोबर, एक कमी नाही. पण पोत्यांचं वजन आवकेपेक्षा चांगलंच कमी. मिरची सुकते, घट येते, हे आम्हाला माहीत नाही असं नाही. किती येते ते कधी मांडलं नव्हतं. आम्ही पोती मोजत होतो, विकत होतो किलोने. भाव लावताना ती घट धरतच नव्हतो.

उधारीचंही तसंच. किती दिवसांची किती बाकी ते लेक दाखवेल, पण कोणाला किती द्यायचं ते नानांच्या डोक्यात आहे. अमक्याचा बाप चोख होता, मुलगा तसा नाही. तमका सोयाबीन विकलं गेलं की देतो, त्याआधी मागून उपयोग नाही. आता प्रत्येक पार्टीपुढे नानांकडून मर्यादा आणि महिना लिहून घेतोय. त्यांनी अट घातली आहे: लाल वही मार्चअखेरपर्यंत सोबत चालेल, दोन्ही बाक्या जुळल्या तर बंद.

कीर्दखतावणी_रामबाग

अट रास्त आहे. मार्चपर्यंत सराव समजा, पक्की पुस्तकं सॉफ्टवेअरवर १ एप्रिलपासून सुरू करा म्हणजे आरंभीची शिल्लक आणि बाकी एकदाच चढवावी लागेल. मिरचीची घट दर महिन्याला वेगळी नोंद करून टाका, कारणासकट. एकदम वर्षाखेरीला टाकलीत तर विचारणारा विचारतो, माल गेला कुठे. आणि सहा महिन्यांची अशी पुस्तकं झाली की बँकेत कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा वाढवून मागा. २०२४ च्या बजेटात सरकारी बँकांना लहान उद्योगांची पत त्यांच्या डिजिटल व्यवहारांवरून जोखायला सांगितलंय. निव्वळ गोदामाच्या कागदांवर आता सगळं अडून राहत नाही.

जुना_ग्वाल्हेरकर

घटीचं वाचून मीही विचारात पडलो. आमच्याकडे गूळ आहे, तो पाघळतो.

धणेवाला_सियागंज

एक राहिलं. बारदानाचं वजन बिलात कसं दाखवायचं? आम्ही सौदा भरतीसकट, म्हणजे पोत्याचं वजन धरून, करतो, काही पार्ट्या निव्वळ वजनाने मागतात. नाना म्हणतात रिवाज आहे तसं ठेवा, लेक म्हणतो दोन्ही लिहू.

टर्मिनल_मंदार

दोन्ही लिहा काका. ढोबळ वजन, बारदान, निव्वळ, असे तीन रकाने, आणि दर नेहमी निव्वळवर. जुन्या पार्टीला भरतीचा भाव हवा असेल तर तो बिलाच्या शेऱ्यात टाका, हिशोबात नको. बिलाचा नमुना इथे टाकलात तर बघून सांगतो.

धणेवाला_सियागंज

उद्या दुपारी टाकतो. सकाळी कुंभराजची गाडी उतरायची आहे.